औषधांचा मेळ घालणारा माणूस

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या आठवड्यात माझी आत्या परसात चक्कर येऊन पडली. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावाहून तिला कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात आणले, तेव्हा मनगटाला मुका मार होता, रक्तदाब बराच उतरलेला होता आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे याचा अंदाज देणारा आकडा, वाढलेला होता. आत्याचे वय सत्तरीच्या पुढे, बीपी बारा वर्षांपासून, शुगर आठ वर्षांपासून. केस पेपरवर नेहमीच्या औषधांच्या रकान्यात मी घाईघाईत सांगितलेली तीन नावे लिहिली गेली होती. त्यांतले एक नाव चुकीचे होते, हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा कोट घातलेली एक तरुणी वॉर्डात आली. तिने आत्याची औषधांची पिशवी मागून घेतली आणि पांघरलेल्या चादरीवर सरळ रिकामी केली. अर्धवट कापलेल्या पट्ट्या, एक औषधाची बाटली, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या सुट्या गोळ्या, असा सगळा संसार बाहेर आला. मग ती खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "आजी, नावं राहू देत. सकाळी उठल्यापासून पहिली गोळी कुठली घेता आणि कशाबरोबर घेता, ते मला करून दाखवा." आत्याने एक पांढरी आणि एक तांबडी गोळी वेगळी काढली. "ही सरकारी, ती डॉक्टरची. दोन्ही बीपीच्याच, पण दोघांनी दिल्यात म्हटल्यावर दोन्ही घ्यायलाच पायजेत की."

पांढरी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळालेली ॲम्लोडिपिन होती. तांबडी गोळी खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली जोडगोळी होती, आणि तिच्यात टेल्मिसार्टनबरोबर पुन्हा ॲम्लोडिपिनच होते. म्हणजे एकच औषध आत्या दोन रंगांत, दुप्पट घेत होती आणि हे ना आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना ठाऊक होते, ना खासगी डॉक्टरांना, ना घरच्यांना. दोघांनी दिलेले औषध आपापल्या जागी अगदी योग्य होते. ही तरुणी वॉर्डाची फार्मासिस्ट होती. रुग्णालयात असे पद असते, हेच आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते, आणि ते माहीत व्हावे यासाठी हा लेख आहे.

मेडिकलच्या काउंटरपलीकडचा फार्मासिस्ट

फार्मासिस्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेडिकलचे दुकान येते. चिठ्ठी द्यायची, पट्टी घ्यायची, पैसे मोजायचे. भारतात या व्यवसायाचे नियमन १९४८ च्या फार्मसी कायद्याने होते आणि नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, असे तो कायदा सांगतो. परंतु औषध हाती देणे आणि ते औषध त्या माणसाच्या अंगी नीट लागते की नाही हे पाहणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम जो रुग्णाच्या खाटेजवळ येऊन करतो, त्याला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात. या लेखात मी त्याला वॉर्ड फार्मासिस्ट म्हणेन.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ मध्ये फार्मासिस्टना औषधकोठारातून उठवून नवव्या मजल्यावर, थेट वॉर्डाशेजारी बसवले गेले आणि तिथून या शाखेला खरी सुरुवात झाली. आपल्याकडे २००८ मध्ये फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयात इंटर्नशिपचे असते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने क्लिनिकल फार्मासिस्ट या पदाला नियमांत जागा दिली. कागदावर पाया घातला गेला आहे. वॉर्डात मात्र तो माणूस अजून क्वचितच भेटतो.

पाच दिवसांचे औषध आणि तीस वर्षांचे औषध

घसा धरला म्हणून पाच दिवसांची गोळी घेणे आणि रक्तदाबासाठी तीस वर्षे गोळी घेणे, या दोहोंत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात दुखणे स्वतःच आठवण करून देते. दुसऱ्यात दुखत काहीच नाही. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल हे आजार वर्षानुवर्षे मुकाट्याने आत काम करत राहतात, आणि ज्याचा त्रास जाणवत नाही त्यासाठी रोज गोळी गिळायला मन सहजासहजी तयार होत नाही. "आता बरं वाटतंय म्हटल्यावर कशाला घ्यायची?" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते आणि ते बोलणारा माणूस अडाणी असतो असे मुळीच नाही. गोळीमुळेच बरे वाटते आहे, ही गोष्ट त्याला कोणी बसून सांगितलेली नसते, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये या प्रश्नावर एक अहवाल काढला. दीर्घ आजारांत सांगितल्याप्रमाणे नियमित औषध घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतसुद्धा सरासरी ५० टक्केच आहे आणि विकसनशील देशांत ते आणखी कमी आहे, असे त्यात नोंदवले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्न केवढा आहे ते दिसते. नवे औषध शोधण्यावर जग अफाट पैसा खर्च करते. आहे ते औषध नीट घेतले जावे यासाठी एका माणसाचा पगार खर्च करताना मात्र हात आखडतो, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

औषध चुकण्याची कारणे अनेक असतात. पैसे संपतात. गोळीने तोंड कडू होते किंवा पाय सुजतात. कोणीतरी सांगते की इंग्रजी औषधाने किडनी जाते. चिठ्ठीवरचे "१-०-१" म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे ज्याला उमगत नाही तो अंदाजाने घेतो. आणि जो उसाच्या लागणीला पहाटे रानात जातो आणि पहिला घास अकरा वाजता खातो, त्याच्यासाठी "नाश्त्याआधी" या शब्दाला काहीच अर्थ नसतो.

रोजकीर्द आणि खातेवही

वॉर्ड फार्मासिस्टचे सर्वांत मोठे काम एका शब्दात सांगायचे तर मेळ घालणे. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर संध्याकाळी दिवाणजी काय करतात ते आठवा. दिवसभराच्या रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद खातेवहीत बरोबर चढली आहे का, एखादी दोनदा तर चढली नाही ना, एखादी राहून तर गेली नाही ना, हे ते ओळीओळीने ताडून पाहतात. मेळ बसला नाही तर पेढी बंद करून घरी जात नाहीत.

औषधांचेही तसेच आहे. रुग्ण घरी प्रत्यक्ष जे घेतो ती झाली रोजकीर्द. केस पेपरवर जे लिहिले जाते ती झाली खातेवही. या दोन वह्या तीन वेळा एकमेकींशी जुळवाव्या लागतात: रुग्ण दाखल होताना, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात किंवा आयसीयूतून बाहेर हलवताना, आणि डिस्चार्ज होताना. चुका याच तीन सांध्यांत घडतात, कारण याच वेळी माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. दाखल होताना थायरॉईडची गोळी सांगायची राहते आणि दहा दिवस ती कोणी देत नाही. आयसीयूत पोटाला त्रास होऊ नये म्हणून सुरू केलेली ॲसिडिटीची गोळी डिस्चार्ज कार्डावर तशीच उतरते आणि पुढे तीन वर्षे चालू राहते. रुग्णालयातल्या दुकानात एका कंपनीची गोळी मिळते, गावातल्या मेडिकलमध्ये त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची मिळते, आणि नाव निराळे दिसल्यामुळे घरी जुनी-नवी दोन्ही चालू राहतात.

कंपन्यांच्या नावांचा हा घोळ आपल्या देशात विशेष मोठा आहे. एकाच मूळ औषधाला अनेक कंपन्यांची अनेक नावे आहेत आणि वेगवेगळ्या औषधांची नावे एकमेकांसारखी वाटतात. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावसाधर्म्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले की औषधांच्या नावांतला गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणून इतर मालाच्या नावांपेक्षा औषधांच्या नावांची कसोटी अधिक कडक हवी. नाव पाहून फसायला होते. वॉर्ड फार्मासिस्ट पट्टी उलटी करून बारीक अक्षरांतले मूळ औषधाचे नाव वाचतो, आणि आत्याच्या बाबतीत नेमके तेच झाले.

एका गोळीपायी दुसरी, दुसरीपायी तिसरी

आत्याची गोष्ट दुहेरी गोळीवर संपली नव्हती. ॲम्लोडिपिनचा एक परिचित दुष्परिणाम म्हणजे घोट्यांना सूज, आणि मात्रा वाढली की ही सूज वाढते. आत्याचे पाय सुजले. घरच्यांनी तिला तिसऱ्याच डॉक्टरांकडे नेले. जुन्या चिठ्ठ्या सोबत नव्हत्या. त्यांनी सुजेवर लघवीची गोळी दिली. ॲम्लोडिपिनची सूज अंगात जादा पाणी साठल्यामुळे येत नाही, केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्यामुळे येते. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरली नाही, अंगातले पाणी मात्र कमी झाले. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू होणे, याला औषधांची साखळी म्हणतात. वृद्धांमध्ये ती फार पाहायला मिळते.

या साखळीत आणखी एक कडी होती. गुडघे दुखतात म्हणून आत्या गावातल्या दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणून जवळजवळ रोज घेत होती. "ती काय औषधात मोजायची व्हय?" असे ती निरागसपणे म्हणाली. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांवर काय संकट येते, हे समजण्यासाठी पंचगंगेच्या काठावरची उपसा योजना डोळ्यांसमोर आणावी.

मूत्रपिंडातली प्रत्येक गाळणी म्हणजे पाइपलाइनमधला फिल्टर समजा. तो चालायला पाइपात दाब हवा. आत येणाऱ्या पाइपाला एक व्हॉल्व्ह आहे, बाहेर जाणाऱ्या पाइपाला एक आहे. लघवीच्या गोळीने जॅकवेलमधली, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतली, पाण्याची पातळीच उतरते. डायक्लोफिनॅकसारखे औषध आत येणारा व्हॉल्व्ह आवळते. टेल्मिसार्टनसारखे औषध बाहेर जाणारा व्हॉल्व्ह सैल करते. यांतली एखादी गोष्ट झाली तर मूत्रपिंड दुसरीकडून सांभाळून घेते. तिन्ही एकदम झाल्या तर फिल्टरवरचा दाब पडतो आणि गाळण मंदावते. आत्याचे क्रिएटिनिन वाढले ते बहुधा असे. तीन गोळ्या तीन दारांतून आल्या होत्या आणि कोणत्याही एका दारात उभे राहिलेल्याला बाकीची दोन दारे दिसत नव्हती.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. टेल्मिसार्टन हे वाईट औषध नाही. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्यांच्या मूत्रपिंडांचे ते बहुतांश वेळा रक्षणच करते. हे वाचून कोणीही आपली बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही गोळ्या, विशेषतः हृदयाची गती आवरणाऱ्या, एकाएकी थांबवल्या तर गंभीर धोका होतो. साखळी कुठे तोडायची हा निर्णय डॉक्टरांचाच. ती दाखवून देण्याचे काम फार्मासिस्टचे. आत्याच्या बाबतीत फार्मासिस्टने एका पानाचे टिपण राउंडच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवले, डॉक्टरांनी पाच मिनिटांत तीन गोळ्या काढून टाकल्या, आणि आठवड्याभरात क्रिएटिनिन पुष्कळसे खाली आले.

हाताने करून दाखवायच्या गोष्टी

काही औषधे चिठ्ठीवर कितीही बरोबर लिहिली तरी हातात चुकतात. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० शक्तीच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधले इन्सुलिन बहुतेक १०० शक्तीचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या बाटलीतले इन्सुलिन चुकून केशरी टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात प्रत्यक्षात ८ युनिटच जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत राहतात. उलट पेनमधले १०० शक्तीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर ५० युनिट जातात, आणि तेवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. टोपणाच्या रंगावर एवढे अवलंबून आहे, हे किती घरांत सांगितले गेले असेल?

दम्याच्या रुग्णांना इनहेलरमध्ये घालून ओढायच्या कॅप्सूल दिल्या जातात. त्या पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही भेटतात, कारण कॅप्सूल म्हणजे गिळायची, हेच त्यांना आजवर ठाऊक असते. ओढणाऱ्यांतही श्वास किती जोराने घ्यायचा, मग किती वेळ रोखायचा, स्टेरॉइडचा इनहेलर असेल तर नंतर चूळ भरायची, हे कागदावर वाचून जमत नाही. समोर बसून दोनदा करून दाखवावे लागते आणि तिसऱ्यांदा रुग्णाकडून करून घ्यावे लागते.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन दिवसाची सुरुवात करणाऱ्या आपल्या शहरात हे सांगावेच लागते, कारण दुधातले कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवते आणि ती रक्तात नीट उतरत नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांत आणि तिच्यात चार तासांचे अंतर हवे. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होते, तो मार खातो आणि जीव जाऊ शकतो. म्हणून चांगला फार्मासिस्ट तिच्या पाकिटावर "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर थांबत नाही, "फक्त सोमवारी" असे वार घालून लिहितो.

आणि उपास. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या किती बायका ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी नेहमीप्रमाणे चालू ठेवतात! ही गोळी, पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. दुपारपर्यंत घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. रमजानच्या रोज्यांत हाच धोका असतो. "उपास धरता का?" हा प्रश्न केस पेपरच्या कोणत्याही रकान्यात नसतो. तो विचारायला आपल्या माणसांत वाढलेला आणि पाच मिनिटे बसायला तयार असलेला माणूस लागतो.

डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. मग आणखी एक माणूस कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. डॉक्टरांचे मुख्य लक्ष निदानावर आणि आज काय करायचे यावर असते. सिस्टरांचे लक्ष वेळच्या वेळी औषध देण्यावर, सलाइनवर, शुश्रूषेवर असते. दोघेही आपले काम चोख करत असताना संपूर्ण औषधयादी हे कोणाचेच एकट्याचे काम उरत नाही. तालमीत लढत पैलवानच देतो, पण पवित्रा कुठे ढळतो आहे ते आखाड्याबाहेर उभ्या वस्तादाला आधी दिसते. त्यात पैलवानाचा कमीपणा नसतो.

फार्मासिस्ट औषध बदलत नाही, नवे लिहीत नाही. तो सुचवतो आणि निर्णय डॉक्टर घेतात. डॉक्टरांना अशी सूचना रुचेल का, अशी शंका येते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या आयसीयूत फार्मासिस्टला रोजच्या राउंडमध्ये सामील केल्यावर काय झाले, याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या आणि औषध लिहितानाच्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्याजोगे अपाय ६६ टक्क्यांनी कमी झाले. सूचना राउंडमध्ये, निर्णय होत असतानाच समोर आली, हे त्यातले मर्म. दुसऱ्या दिवशी फाइलला चिकटवलेल्या चिठ्ठीचे ते वजन नसते.

दीर्घ आजारांत याने खरोखर फरक पडतो का?

इथे सरसकट होकार देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठ रुग्णालयात ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या सुमारे चारशे रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना वॉर्ड फार्मासिस्टची पूर्ण मदत मिळाली: दाखल होताना मेळ, वॉर्डात औषधांची छाननी, घरी जाताना समजावणी आणि दोन महिन्यांनी फोन. वर्षभरात त्यांच्या रुग्णालयातल्या एकूण फेऱ्या १६ टक्क्यांनी, तातडीच्या विभागातल्या फेऱ्या ४७ टक्क्यांनी आणि औषधांशी संबंधित कारणांनी पुन्हा दाखल होणे ८० टक्क्यांनी कमी झाले.

याउलट अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत ८५१ हृदयरुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फार्मासिस्टने समजावूनसुद्धा घरी गेल्यावरच्या महत्त्वाच्या औषधचुकांत लक्षणीय घट आढळली नाही. महिन्याभरात सुमारे निम्म्या रुग्णांकडून एखादी तरी चूक झाली किंवा त्यांना एखादा तरी अपाय झाला. हा निकाल लपवण्याचे कारण नाही. उलट त्याच्यामुळे पुढचा प्रश्न नेमका विचारता आला: नुसती छाननी पुरते की त्यापुढेही जावे लागते? डेन्मार्कमधल्या, सुमारे पंधराशे रुग्णांच्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. ज्यांच्या औषधांची वॉर्डात फक्त छाननी झाली, त्यांना म्हणावा तसा फायदा झाला नाही. ज्यांच्याशी छाननीबरोबर त्यांच्या अडचणींविषयी निवांत बोलणे झाले, घरच्या डॉक्टरांना कळवले गेले आणि घरी गेल्यावर पाठोपाठ फोन केले गेले, त्यांचे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले.

मला यातून एकच गोष्ट ठळक दिसते. दीर्घ आजाराचे औषध वॉर्डात घेतले जात नाही, घरात घेतले जाते. म्हणून वॉर्डातले काम घरापर्यंत पोहोचले नाही तर ते फुकट जाते.

आपल्याकडच्या गर्दीत हे कसे जमावे?

कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कोल्हापूर जिल्ह्याबरोबर सिंधुदुर्गातून आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. तिथे प्रत्येक खाटेशी अर्धा तास बसणे कोणालाही शक्य नाही, हे खरेच. पण प्रत्येक खाटेशी बसण्याची गरजही नाही. पाच किंवा अधिक औषधे चालू असलेले, पासष्टीपुढचे, मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असलेले, इन्सुलिन घेणारे किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, आणि महिन्याभरात दुसऱ्यांदा दाखल झालेले, एवढेच आधी निवडले तरी धोक्याचा मोठा भाग हाती लागतो. सकाळच्या राउंडआधी तास-दीड तासात एक माणूस अशा पाच-सहा जणांच्या पिशव्या पाहू शकतो.

पैशाचा प्रश्नही या बाजूने पाहावा. आत्याच्या तीन गोळ्या कमी झाल्या म्हणजे दरमहा तेवढा खर्च कमी झाला, आणि पडून हाड मोडले असते तर जे बिल आले असते ते टळले. फार्मासिस्ट औषधांची विक्री वाढवायला येतो, हा समज इथे उलटा ठरतो. वॉर्ड फार्मासिस्टचा पगार विक्रीवर अवलंबून नसावा, एवढी दक्षता मात्र रुग्णालयाने घ्यायलाच हवी. जिथे फार्मसी महाविद्यालय आणि रुग्णालय शेजारी आहेत, तिथे फार्म.डी.च्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करावे, ही सर्वांत सोपी सुरुवात आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत औषध व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मानांकनासाठी फायली लावताना त्या निकषांमागचा माणूसही नेमला जावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या वॉर्डात असा माणूस नसेल तर

दवाखान्यात जाताना औषधांची अख्खी पिशवी न्यावी. आठवणीने सांगितलेली नावे पुरत नाहीत, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. अंगदुखीची गोळी, काढा, आयुर्वेदिक चूर्ण, डोळ्यांचे थेंब, सगळे त्यात हवे. एका कागदावर मूळ औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि ते कशासाठी आहे हे लिहावे आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावे लागले, त्यांना अशा फोटोचे मोल सांगायला नको. डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी नक्की विचाराव्यात: आधीच्यातली कोणती गोळी बंद झाली, नवी कोणती सुरू झाली, आणि ती किती दिवसांसाठी आहे. औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटले तर प्रथम डॉक्टरांना सांगावे. त्याची नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते. २०१० मध्ये सुरू झालेला देशव्यापी औषधदक्षता कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो आणि त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे.

आत्या घरी आल्यावर आठव्या दिवशी त्या फार्मासिस्टचा फोन आला. पाय उतरले का, चक्कर येते का, गुडघ्याला आता काय लावता, असे विचारून झाल्यावर ती म्हणाली, "आजी, नवरात्र जवळ आलंय. उपास धरणार असाल तर त्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून जा, शुगरची गोळी तशीच घेऊ नका." आत्याने तो फोन गल्लीभर सांगितला. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला तिच्या औषधांचा कागद अडकवलेला आहे. आरोग्य केंद्रात जाताना ती तो काढून सोबत नेते, आणि तिथल्या सिस्टर गोळ्या देण्याआधी आता तो वाचतात. मागच्या महिन्यात त्यांनी त्यावर आपल्या हाताने एक ओळ खोडली आणि शेजारी तारीख घातली.